बॉब डिलनचं उत्तरार्धातलं गाणं: बदलते साथीदार आणि ऐंशी ओलांडलेला आवाज

मध्यलय

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनबद्दल मराठीत जे बोललं-लिहिलं जातं ते बहुतेक १९६६ पाशी येऊन थांबतं. गिटार, हार्मोनिका, न्यूपोर्टच्या महोत्सवात इलेक्ट्रिक वाद्यं आणल्यावरून झालेला गोंधळ, आणि मग एकदम उडी २०१६ च्या नोबेलवर. मधली पन्नास वर्षं हा माणूस काय करत होता? गात होता. ७ जून १९८८ ला कॅलिफोर्नियात कॉन्कर्डला जो दौरा सुरू झाला, त्यात करोनाची दोन वर्षं सोडली तर खंड असा पडलेला नाही. कार्यक्रमांची संख्या केव्हाच तीन हजारांच्या वर गेली. जन्म मे १९४१ चा. म्हणजे आपण ज्याला 'तरुण लोकगायक' म्हणून ओळखतो, त्याने आयुष्यातलं बहुतेक गाणं पन्नाशीनंतर गायलंय.

मला बोलायचंय ते या गाण्याबद्दल, आणि त्यातही साथीदारांबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो. २०१५ नंतरचा डिलन २००५ च्या डिलनपेक्षा चांगला गातो. वय दहा वर्षांनी वाढलं आणि गाणं सुधारलं, आणि याचं निम्मं श्रेय मी वाजवणाऱ्यांना देतो.

२००३ ते २०१० च्या आसपासची ध्वनिमुद्रणं ऐका. मागे दोन-दोन इलेक्ट्रिक गिटार, भरभक्कम ड्रम, आणि त्यांच्यावर चढून बोलायचा प्रयत्न करणारा एक घोगरा आवाज. प्रत्येक ओळीचा शेवट वर फेकायची सवय त्याला तेव्हा लागली होती. शब्द कुठलाही असो, अर्थ कुठलाही असो, शेवटचं अक्षर वर. चाहत्यांनीही त्याबद्दल खूप तक्रारी केल्या. मला वाटतं, आवाज बसलेला होता हे खरंच, पण त्याला ओरडायला लावणारं वाद्यवृंदाचं वजनही तितकंच जबाबदार होतं.

मग २०१५ ला 'शॅडोज इन द नाइट' हा अल्बम आला. जुन्या पिढीतला गायक फ्रँक सिनात्रा याने गायलेली जुनी अमेरिकन भावगीतं. पाठोपाठ २०१६ ला तसाच आणखी एक अल्बम, आणि २०१७ ला तीन तबकड्यांचा तिसरा. अनेकांनी कपाळावर हात मारला. स्वतःची एवढी गाणी असताना हा दुसऱ्यांची का गातोय? पण ही गाणी ओरडून गाताच येत नाहीत. सूर धरून ठेवावा लागतो, श्वास जपून वापरावा लागतो, ओळ खाली उतरवता यावी लागते. पहिलं ध्वनिमुद्रण त्याने कॅपिटॉल स्टुडिओत दौऱ्यावरच्याच साथीदारांना घेऊन, सगळ्यांनी एकत्र बसून केलं. नंतर वरून तुकडे जोडलेले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर एका गायकाने नव्याने रियाज केला, असं मी त्याकडे पाहतो. त्यानंतर रंगमंचावर तो स्वतःची गाणी गायला लागला तेव्हा तीही बदललेली होती.

तुम्हाला काय वाटतं?

कोयनाकाठ

विषय काढलात ते फार बरं झालं. मात्र तुमच्या मताशी मी निम्माच सहमत आहे.

तुम्ही २००३ पासून सुरुवात केलीत आणि तिथेच गफलत आहे. त्याच्या आधीची चार वर्षं पाहा. १९९९ ते २००२. लॅरी कॅम्पबेल आणि चार्ली सेक्स्टन असे दोन गिटारवाले, बासवर टोनी गार्निअर, ड्रमवर २००१ पर्यंत डेव्हिड केंपर. कार्यक्रमाची सुरुवात अकूस्टिक वाद्यांवर, एखाद्या जुन्या लोकगीताने किंवा ब्लूग्रासच्या (तारवाद्यांवरच्या अमेरिकन ग्रामीण संगीताच्या) गाण्याने व्हायची, आणि कॅम्पबेल-सेक्स्टन मागून स्वर मिळवायचे. डिलनचा आवाज तेव्हाही खरखरीतच होता. १९९७ ला हृदयावरच्या आवरणाला संसर्ग होऊन तो रुग्णालयात होता, त्यातून उठून उभा राहिला होता. पण त्या दोघांचे आवाज खालून आधार देत असल्यामुळे त्याच्या आवाजातली खरखर गाण्याचा भाग वाटायची. सप्टेंबर २००१ ला आलेला 'लव्ह अँड थेफ्ट' याच मंडळींबरोबर केलेला आहे आणि तो ऐकला की कळतं, की हे लोक एकमेकांना किती ओळखत होते.

म्हणून मला 'म्हातारपणी गाणं सुधारलं' हे म्हणणं अपुरं वाटतं. साथीदारांचा चांगला संच मिळाला तेव्हा तो साठीतही उत्तम गायला, आणि चुकीचा संच असताना किंवा त्याचं मन नसताना वाईट गायला. आताचे वादक सभ्य आहेत. सभ्य हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. ते त्याला अडवत नाहीत. पण त्याला डिवचतही नाहीत. सेक्स्टन त्याला डिवचायचा. डिलनने एखादा तुकडा टाकला की सेक्स्टन गिटारवर तो उचलून उलटा करून परत द्यायचा. मधली काही वर्षं सोडून तो २०१९ च्या शेवटापर्यंत संचात होता; तो बाहेर पडला आणि हा संवाद संपला. २०२१ पासून बॉब ब्रिट आणि डग लान्सिओ वाजवतात. दोघेही कसलेले वादक आहेत, पण कार्यक्रमभर मागेच राहतात.

पानवठा

मी डिलन फारसा ऐकलेला नाही, नोबेलच्या वेळी थोडा ऐकला. एक प्रश्न आहे. यूट्यूबवर त्याच्या अलीकडच्या कार्यक्रमांचं जे काही सापडतं त्यात ओळखीचं गाणंसुद्धा ओळखू येत नाही. चालच वेगळी असते. हे वयामुळे, म्हणजे मूळ सूर लागत नाहीत म्हणून करतो का?

मध्यलय

पानवठा, वयाचा संबंध थोडा आहे, पण खोड जुनी आहे. १९६६ मध्ये, पंचविशीत, तो दोन वर्षांपूर्वीची स्वतःची गाणी इलेक्ट्रिक वाद्यांवर पार बदलून गात होता. १९७४ ला बदलली, १९७८ ला मोठा वाद्यवृंद घेऊन पुन्हा बदलली. आवाजही त्याने अनेकदा बदललाय. १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मधला गोड, गोल आवाज ऐकून लोकांना हा तोच माणूस आहे हे पटत नव्हतं.

इथे आपल्याला, म्हणजे मैफिली ऐकत वाढलेल्यांना, एक सोय आहे असं मला वाटतं. मारवा गायचा म्हणून बसलेल्या गवयाने गेल्या वर्षीचाच मारवा जसाच्या तसा गावा अशी अपेक्षा आपण करत नाही. केला तर उलट नावं ठेवतो. बंदिश तीच, शब्द तेच, पण आजचा श्वास, आजचा तबलजी, आजचं सभागृह यांच्यावर बढत अवलंबून. रेकॉर्डवरचं साडेतीन मिनिटांचं गाणं हे त्या गायकाचं एका दिवसाचं म्हणणं होतं, इतकंच. डिलन स्वतःच्या गाण्यांकडे बंदिशींसारखं पाहतो. पाश्चात्त्य श्रोत्याला यामुळे फसवणूक झाल्यासारखं वाटतं, कारण त्याने तिकीट रेकॉर्डवरच्या गाण्यासाठी काढलेलं असतं. आपल्या कानांना हे इतकं परकं वाटू नये.

उत्तररात्र

मध्यलय, तुमची ही मांडणी आकर्षक आहे, पण मला ती जशीच्या तशी मान्य नाही, आणि का ते नीट सांगते.

ख्यालात बंदिशीचे शब्द फार कमी असतात. दोन ओळी स्थायीच्या, दोन अंतऱ्याच्या. विस्तार स्वरांचा असतो, आणि तो विस्तार रागाच्या नियमांनी बांधलेला असतो. गवई कुठेही गेला तरी कोमल रिषभ कोमलच राहतो, आणि तो समेवर कधी येणार हे समोर बसलेल्याला कळतं. डिलनच्या गाण्यात असा नियम कुठे आहे? तो चाल सोडतो, लय सोडतो, कधी कधी ताल तीनचा चार करतो. उरतात ते शब्द. आणि त्याच्या बाबतीत शब्द म्हणजे सर्वस्व. नोबेल मिळालं ते शब्दांना. म्हणजे मग ते शब्द ऐकू आलेच पाहिजेत. २००० नंतरच्या दशकात ते ऐकू येत नव्हते हे तुम्हीच लिहिलंत. मैफिलीची उपमा देऊन आपण त्या दशकातल्या निष्काळजीपणाला मोठेपणा देऊ नये. शब्द गिळणारा कवी मला चालत नाही, तो कितीही मोठा असो.

राहिला आताच्या कार्यक्रमांचा प्रश्न. तिथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. २०२० चा 'रफ अँड रावडी वेज' आणि त्यानंतरचा दौरा यात प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. त्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत. 'मर्डर मोस्ट फाउल' हे जवळपास सतरा मिनिटांचं गाणं सोडून उरलेली नऊच्या नऊ तो रंगमंचावर गात होता. ऐंशीच्या घरातला गायक, आणि कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त भाग नवा. जुन्या पुण्याईवर जगणारा माणूस असं करत नाही. यासाठी मी त्याला मानते.

झीलकरी

मी ढोलकी वाजवतो, पोवाड्याच्या आणि भारुडाच्या कार्यक्रमांत साथ केलेली आहे. त्यामुळे माझं लक्ष नेहमी मागच्या माणसांकडे जातं. उत्तररात्र यांनी विचारलं की डिलनच्या गाण्यात नियम कुठे आहे. माझ्या मते तो टोनी गार्निअरच्या हातात आहे.

गार्निअर १९८९ च्या जूनपासून त्याच्या मागे बास वाजवतोय. गिटारवाले आले-गेले, ड्रमर आले-गेले, हा एकटा राहिला. जुने व्हिडिओ बघा, त्याची नजर सतत डिलनवर असते. डिलन पुढचं काय करणार ते सांगत नाही. शाहीर असंच करतो. रंगात आला की मधलं एक कडवं गाळतो, एखादी ओळ दोनदा घेतो, 'जी रं जी' कुठे पडणार ते झीलकऱ्याने त्याच्या खांद्यावरून ओळखायचं. ज्याला ओळखता येतं तो टिकतो. गार्निअर ते ओळखतो आणि बाकीचे गार्निअरकडे बघतात. म्हणून चाल बदलली, लय बदलली तरी गाणं सांडत नाही.

दुसरी गोष्ट ड्रमची. मध्यलय यांनी आवाजाच्या सुधारणेचं कारण भावगीतांमध्ये शोधलंय. ते पटतं, पण मी त्यात एक जोडेन. जॉर्ज रिसेली २००२ पासून २०१९ पर्यंत ड्रमवर होता, जवळपास सतरा वर्षं. दणदणीत वादक. मग २०१९ च्या शरदात मॅट चेंबरलिन आला, २०२१ ला चार्ली ड्रेटन, २०२३ ला जेरी पेंटेकोस्ट, २०२४ ला जिम केल्टनर, २०२५ ला अँटन फिग. सहा वर्षांत पाच माणसं. लोक म्हणतात संच अस्थिर झाला. मला ऐकताना वेगळं जाणवतं. रिसेलीनंतर ठेका हलका झाला. चेंबरलिन आणि ड्रेटन दोघेही जागा मोकळी ठेवणारे. आणि ड्रम खाली आला की गायकाला आवाज चढवायची गरज राहत नाही, शब्द आपोआप पुढे येतो. ही आम्हा वाजवणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे. गायकाचं वय झालं की ढोलकीच्या शाईवरचा हात हलका करायचा आणि खणखणीत चाटी कमी मारायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं.

२०२१ ला पडद्यावर दाखवलेल्या 'शॅडो किंग्डम' या कार्यक्रमात तर ड्रमच नाहीत. अकॉर्डियन आहे, गिटार आहेत, बास आहे. जुनी गाणी त्यात इतकी स्पष्ट आणि मोकळी आली आहेत की ज्याला शंका असेल त्याने ते आधी ऐकावं.

पैलतीर

शिकागोजवळ राहते. आम्ही दोघांनी त्याचा अलीकडचा कार्यक्रम पाहिला. माझे यजमान त्याचे जुने चाहते, मी त्यांच्यामुळे ऐकायला लागले. इथे सगळे गाण्यावर बोलताहेत म्हणून तिकीट काढून समोर बसलेल्या माणसाची बाजूही मांडते.

फोन बाहेरच कुलूपबंद पिशवीत ठेवून घेतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट सगळं सभागृह खरंच ऐकत होतं. पण रंगमंचावर उजेड इतका मंद, आणि डिलन बहुतेक वेळ पियानोमागे, की आमच्या जागेवरून त्याचं फक्त डोकं दिसत होतं. बोलला जवळपास काहीच नाही, साथीदारांची नावं सांगितली तेवढीच. तिकिटं महाग. यजमानांना ज्या गाण्यांची आस होती त्यातलं एकही झालं नाही आणि ते घरी येईपर्यंत गप्प होते. त्यांना वाटलं, आपण ज्याच्यावर इतकी वर्षं प्रेम केलं त्याला आपली पर्वा नाही.

मला मात्र शेवटचं गाणं अजून ऐकू येतं. 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड'. त्यात तो हार्मोनिका वाजवायला लागला आणि आमच्या रांगेतली माणसं श्वास रोखून बसली. वाद्यवृंद जेमतेम वाजत होता. एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसून दोघांना दोन कार्यक्रम ऐकू आले, हे मला इथे सांगावंसं वाटलं. यजमान चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही.

कोयनाकाठ

पैलतीर, तुमच्या यजमानांचं दुःख मला नीट कळतं. १९६६ च्या मे महिन्यात मँचेस्टरला ज्याने डिलनला 'जूडास' (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) म्हणून हाक मारली, तोही प्रेम करणाराच होता. ज्याच्यावर प्रेम नाही त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. (हेच ध्वनिमुद्रण बरीच वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून चोरट्या तबकड्यांवर फिरत होतं. १९९८ ला अधिकृतपणे आलं तेव्हाही ते नाव अवतरणात ठेवलं, इतकं ते चिकटलं होतं.)

त्या वेळीही वाद साथीदारांवरूनच होता, हे आपण विसरतो. न्यूपोर्टला २५ जुलै १९६५ ला त्याच्या मागे बटरफील्डच्या ब्लूज बँडमधली मंडळी होती, माइक ब्लूमफील्डची गिटार होती. पुढच्या वर्षी 'द हॉक्स' हा बँड होता. लोकांना एकटा माणूस आणि एक लाकडी गिटार हवी होती. त्यांना गाणी बदलल्याचा राग होताच, पण खरा राग होता तो मागे उभ्या असलेल्या लोकांचा. लोकगायकाला एकटंच राहावं लागतं असा एक समज तेव्हा होता आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही.

झीलकरी यांनी केल्टनरचं नाव घेतलं, त्यावर थोडं लिहितो, कारण या सगळ्या चर्चेत मला सगळ्यात जवळची गोष्ट ती आहे. २०२४ चा शरद. युरोपचा दौरा, शेवटचे तीन कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. डॉनी हेरन त्या वर्षी संच सोडून गेलेला. तो २००५ पासून स्टील गिटार आणि व्हायोलिन वाजवत होता. म्हणजे मागे आता चारच माणसं: गार्निअर, ब्रिट, लान्सिओ आणि ड्रमवर ऐंशी ओलांडलेला जिम केल्टनर. वर्तमानपत्रांनी 'नवा ड्रमर' लिहिलं. पण हा माणूस १९७३ च्या 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर'वर वाजवलेला आहे. १९७९ ते १९८१ या काळात, डिलन मुख्यतः ख्रिस्ती भक्तिगीतं गात होता आणि निम्मे चाहते त्याला सोडून गेले होते, तेव्हा हाच मागे बसलेला होता. 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड' ज्या 'शॉट ऑफ लव्ह' अल्बममध्ये आहे, त्यावर याचेच ड्रम आहेत. १९८१ चा अल्बम. त्रेचाळीस वर्षांनी दोघे म्हातारे पुन्हा तेच गाणं वाजवत होते.

त्या रात्रींची श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं मी ऐकली. केल्टनर ताल चालवत नाही, तो डिलनच्या ओळीची वाट पाहतो. ओळ पडली की मगच एक हलका टोला. डिवचणं नाही, पण सभ्यपणाही नाही. त्याला मी समजूत म्हणेन. सेक्स्टनबद्दलचं माझं मत कायम आहे. पण आताच्या संचांपैकी एक निवडायचा तर मी हा निवडेन.

उत्तररात्र

केल्टनरच्या त्या रात्री मलाही आवडतात, आणि त्याचं कारण तुम्ही बरोबर पकडलंत. ओळीची वाट पाहणारा साथीदार.

म्हाताऱ्या आवाजाबद्दल मात्र एक बोलायचं राहिलं. आपल्याकडे 'आता आवाज राहिला नाही' हे फार सहज म्हटलं जातं. गंगूबाई हनगल यांचा आवाज एका शस्त्रक्रियेनंतर बदलला, जाड झाला, आणि त्याच आवाजात त्या पुढची कित्येक दशकं गायल्या. कुमारजींचं (कुमार गंधर्वांचं) एक फुफ्फुस क्षयाने निकामी झालं. लांब तान शक्य नव्हती म्हणून त्यांनी छोट्या छोट्या झेपा घेतल्या आणि त्यातूनच त्यांचं गाणं घडलं. देवासला राहून ते माळव्यातल्या लोकगीतांकडे वळले तेही त्या आजारपणातच. शरीराने घातलेली मर्यादा मानून तिच्यातून नवं काढणं वेगळं, आणि मर्यादा लपवायला गोंगाट करणं वेगळं. डिलनने दोन्ही केलंय. माझं म्हणणं इतकंच, की आपण त्याचे चाहते असलो तरी हे दोन काळ वेगळे करून ऐकावेत.

मध्यलय

उत्तररात्र, हे मला पूर्ण मान्य. आणि राग व नियमांबद्दलचा तुमचा मुद्दाही वजनदार आहे. त्यावर झीलकरी यांचं उत्तर मला माझ्या स्वतःच्या मांडणीपेक्षा जास्त पटलं. ख्यालापेक्षा पोवाडा जवळचा. तिथे शब्दच मुख्य, गोष्ट सांगायची असते, आणि चाल गोष्टीच्या मागे मागे येते.

आवाजाबद्दल डिलनने स्वतः २०१५ ला एका समारंभातल्या भाषणात सांगितलं होतं. त्याने सॅम कुक या जुन्या अमेरिकन गायकाचा दाखला दिला. कुकला कोणीतरी तुमचा आवाज सुंदर आहे म्हणालं, तेव्हा त्याचं उत्तर असं होतं, की आवाज किती सुंदर आहे यावरून तो मोजू नये, तो खरं बोलतोय याची खात्री पटते का ते पाहावं. विशीत डिलनने आधीच्या पिढीतला लोकगायक वुडी गथ्री याची नक्कल करत म्हाताऱ्यासारखं गायचा प्रयत्न केला. १९६२ च्या पहिल्या अल्बमवर मरणाची कितीतरी गाणी आहेत, एकविशीही न गाठलेल्या पोराने रेकॉर्ड केलेली. तेव्हा ते सोंग होतं, उत्तम वठवलेलं. आता तो तीच गाणी ज्या वयासाठी होती त्या वयात आहे.

दिमडी

लोकगायकाला निवृत्ती नसतेच. आपले विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच गेले, २६ नोव्हेंबर २०१० ला. ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. 'जांभूळ आख्यान' त्यांनी उतारवयातही त्याच ताकदीने केलं, पुढच्या पिढीच्या वादकांना बरोबर घेऊन. तेव्हा कोणी म्हटलं नाही की यांनी घरी बसावं.

आणि एक. डिलनचा आपल्या लोकगायकांशी धागा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. १९६७ च्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'च्या मुखपृष्ठावर त्याच्या दोन्ही बाजूंना बंगालचे बाऊल, म्हणजे तिथले भटके लोकगायक, उभे आहेत, पूर्ण दास आणि लक्ष्मण दास. आणि शिलाँगला लू माजॉ हा गायक १९७२ पासून दर वर्षी २४ मे ला डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतो. तोही आता वयाने मोठा झालाय, साथीला नवी मुलं असतात. या विषयावर कोणी त्याच्याबद्दलही लिहावं.

पैलतीर

यजमानांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं बदललेलं नाही. ते म्हणतात, मैफिलीत गवई काय गाणार हे त्याने ठरवावं हे बरोबर, पण मैफिलीत श्रोता फर्माईशही करतो, गवई त्याच्याकडे बघून हसतो, दाद घेतो. ही देवाणघेवाण डिलनच्या सभागृहात नाही. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कोयनाकाठ

त्यांचा मुद्दा खरा आहे. मी त्यांना एवढंच सुचवेन, की २०२३ च्या शरदातली ध्वनिमुद्रणं ऐका. त्या दौऱ्यात तो ज्या गावी जाई त्या गावाशी नातं असलेलं एखादं गाणं अनेकदा करी. कॅन्सस सिटीत 'कॅन्सस सिटी', सेंट लुइसला रॉक अँड रोल गायक चक बेरीचं 'जॉनी बी. गुड', कारण बेरी त्या गावचा. बोलला नसेल एक शब्दही, पण समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक होतं. वादकांना अनेकदा नवं गाणं बसवावं लागलं असणार, हेही लक्षात घ्या.

पानवठा

एवढं वाचून ऐकायची फार इच्छा झाली आहे. कुठून सुरू करू? क्रम सांगाल का?

मध्यलय

आधी 'शॅडो किंग्डम'. २०२३ पासून ते अल्बम म्हणून उपलब्ध आहे. गाणी बरीचशी तरुणपणातली आहेत, आवाज ऐंशीचा आहे, म्हणजे तुलना करता येईल. शब्द समोर ठेवून ऐका. मग 'रफ अँड रावडी वेज', शक्यतो रात्री, सलग.

उत्तररात्र

मी 'शॅडोज इन द नाइट' आधी सांगेन. तिथे ड्रम जवळजवळ नाहीतच, स्टील गिटार सगळा भार उचलते, आणि तो श्वास कुठे घेतो ते ऐकू येतं. ते कळलं की पुढचं सगळं उलगडतं.

झीलकरी

दोन्ही ऐका. पण पहिल्यांदा गाण्याकडे लक्ष द्या आणि दुसऱ्यांदा फक्त बासकडे. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर बास मरतो.

कोयनाकाठ

आणि त्यानंतर 'लव्ह अँड थेफ्ट', माझ्या आग्रहाखातर. सेक्स्टन-कॅम्पबेल दोघे आहेत त्यावर. ऐकून झालं की इथे येऊन लिहा, कोणता संच आवडला ते. मी वाट पाहतोय.